लाखेची कांडी

"ही इथं कशाला पडलीय?" मी विचारलं आणि लाखेची कांडी वन्संच्या नाकासमोर धरली.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांच्या टेबलाला हात लावलेला त्यांना खपत नाही, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. पण त्या सकाळी माझं डोकंच फिरलं होतं. लेकीची स्पर्धा तोंडावर आली म्हणून चार दिवस घरभर रंगाचा पसारा, खुर्चीवर पिसांचे कातरलेले तुकडे, दाराच्या कडीला वाळत घातलेल्या चिंध्या, आणि मला चहाचा कप ठेवायला बोटभर जागा नाही. लेक भल्या सकाळी मैदानावर गेली आणि मी कंबर कसली. ब्रश डब्यात घातले, चिंध्या गोळा केल्या. तर त्या चिंध्यांच्या तळाशी ही तपकिरी कांडी. तिचं टोक वितळलेलं, वर काजळी धरलेली, आणि शेजारी त्यांचा स्पिरिटचा छोटा दिवा.

वन्सं खिडकीपाशी बसून नखांतला रंग काढत होत्या. त्यांनी कांडीकडे बघितलं.

"ती मी काढली कशाला?" त्या म्हणाल्या. मला नाही, स्वतःलाच.

"मला काय विचारता? टेबल तुमचं, कांडी तुमची. मी हात लावला की घर डोक्यावर घेता."

एरवी यावर त्यांनी मला झाडलं असतं. तोंडाला तोंड द्यायला आमच्या वन्सं कधी कमी पडल्या नाहीत. पण त्या कांडीकडेच बघत राहिल्या. हातातली चिंधी खाली पडली तरी त्यांना कळलं नाही. मग मलाही समजलं.

काय समजलं ते सांगते. आधी वन्सं कोण, ते कळायला हवं.

आमच्या वन्संनी उभं आयुष्य फर्निचरला पॉलिश करण्यात काढलं. अठराव्या वर्षी एका कारखान्यात लागल्या, तिथं बाकी सगळे पुरुष. पहिले काही महिने त्यांना नुसतं खुर्च्यांचे पाय घासायला दिले. पण हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की ही बाई लाकूड डोळ्यांनी बघतच नाही, अंगठ्याने बघते. अंगठा फिरवायचा, जिथं अडेल तिथं थांबायचं. कपाटाला तडा गेला, टेबलावर कुणी गरम भांडं ठेवलं, हलवताना पलंगाची कड उडाली, की मालक ओरडायचा, "बाईंना बोलवा." बाई यायच्या, लाखेची कांडी दिव्यावर धरायच्या, भेगेत थेंब थेंब सोडायच्या, पातीने खरवडायच्या, वरून पॉलिशचा बोळा फिरवायच्या. आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "शोधून दाखवा."

कुणालाही सापडायची नाही. त्याचा त्यांना केवढा गर्व! आमच्या घरात पाहुणे आले की त्या जेवणाच्या टेबलाकडे बोट दाखवायच्या. याला एक वीतभर तडा गेलाय, शोधून दाखवा. पाहुणे बिचारे चष्मे लावून टेबलावर ओणवे व्हायचे आणि जेवण गार व्हायचं. मी आत दातओठ खात बसायची.

लग्न केलं नाही त्यांनी. का, असं मी नवी नवरी असताना विचारलं होतं. तर म्हणाल्या, "वरचं पॉलिश कसं करतात ते मला माहीत आहे गं. आतलं लाकूड कसं आहे ते घरी आणल्यावर कळतं." मी हसून हसून लोळले होते. मग म्हणाल्या, "तुझा नवरा मात्र सागवानी आहे हो. जरा घासावा लागेल." घासला मी.

हा सागवानी नवरा म्हणजे आमचे हे. सुतारकाम करतात. आणि आमची लेक बारकी. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून बारकी. आता बावीस वर्षांची आहे आणि हिला दारातून वाकून यावं लागतं. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवायला शिकतेय, आणि सुट्टीच्या दिवशी धनुष्यबाण चालवते. तेही साधं नाही, तर तो जुन्या पद्धतीचा प्रकार, ज्यात धनुष्य लाकडाचं आणि बाणही लाकडाचेच लागतात. तसे बाण दुकानात सरळ मिळेनात. तेव्हा हे म्हणाले, त्यात काय, मी करतो. ह्यांनी काड्या रंध्याने गोल केल्या, मी पिसं चिकटवायला शिकले, आणि पॉलिश नि रंग अर्थातच वन्संकडे गेलं. कारखाना सुटून दोन वर्षं झाली होती. घरात त्या नुसत्या बसून माझ्या भाजी चिरण्यात चुका काढायच्या. बाण आले आणि बाई पुन्हा तरतरीत झाल्या.

किती जीव लावून करायच्या! काडी आधी बारीक कागदाने घासायची, मग ओल्या फडक्याने पुसायची म्हणजे लाकडाची लव उभी राहते, ती पुन्हा घासायची. मग पॉलिशचे पातळ हात, एकावर एक. शेवटी रंग. दोन खाचांची एक फळी ह्यांनी करून दिली होती, तिच्यावर काडी आडवी ठेवायची, डाव्या हाताने गरगर फिरवायची आणि उजव्या हातातला ब्रश नुसता टेकवायचा. पट्टा आपोआप उमटतो. रंगही त्या विकतचा आणत नसत, पॉलिशमध्येच रंगाची पूड कालवायच्या. पिसांखाली एक रुंद लाल पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना काळी बारीक रेघ, मग पिवळा. मैदानावर लोक विचारायचे, हे कुठून आणले? बारकी सांगायची, आत्याने केलेत.

आता त्या कांडीचं.

बाणाच्या काडीत भेग असली तर तो बाण टाकून द्यायचा. भरायचा नाही, जोडायचा नाही, टाकूनच द्यायचा. दोरी सुटते तेव्हा सगळा जोर काडीच्या बुडावर येतो. आत तिरपी भेग असली तर काडी तिथंच, धनुष्यापाशीच मोडते, आणि मागचा टोकदार तुकडा धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. बारकीच्या धनुष्यबाणाच्या सरांनी पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांना बसवून हे सांगितलं होतं. त्यांनी असा एक हात पाहिला होता. त्याची तीन बोटं पुन्हा मिटलीच नाहीत म्हणे. म्हणून हे प्रत्येक काडी कानाशी धरून वाकवतात. चांगली काडी गप्प असते. भेगेची काडी बारीकसं कुरकुरते. ह्यांनी तपासलेल्याच काड्या वन्संच्या टेबलावर जायच्या.

पण आदल्या आठवड्यात काड्यांचा अख्खा भारा कपाटावरून खाली फरशीवर आदळला होता. वन्सं म्हणाल्या होत्या, "काही झालं नाही, मी बघितल्या." अंगठ्याने बघितल्या असणार. आणि अंगठा कुठंतरी अडला असणार. आणि अडला की चाळीस वर्षं तो अंगठा जे करत आला, तेच त्याने केलं असणार. आमच्या घरात महिनोन्‌महिने फर्निचरचं काम आलेलं नव्हतं. त्या टेबलावर बाणांशिवाय काही नव्हतंच.

"वन्सं," मी म्हटलं, "तुम्ही भेग भरलीत?"

"आठवत नाही गं." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "आपण बोलत बसलो होतो. तू त्या शेजारणीचं सांगत होतीस. हात चालू होता माझा."

मी बारकीला फोन लावला. बंद. मैदानावर फोन बंद करून पिशवीत ठेवायचा नियमच आहे. ह्यांना लावला. हे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात करवत चालवत असणार, घंटा वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी फोनलाच चार शिव्या हासडल्या.

"चला," मी म्हटलं, "उठा!"

वन्सं उठल्या, पण दाराकडे न जाता कपाटाकडे गेल्या. स्पिरिटची बाटली काढली, दोन स्वच्छ फडकी घेतली, पिशवीत कोंबली.

"अहो, आता ते कशाला? लेकीचा हात जायची वेळ आलीय आणि तुम्ही..."

"गप बस आणि कुलूप लाव," त्या म्हणाल्या.

बस मिळाली, पण ती बस होती की गोगलगाय! प्रत्येक थांब्यावर थांबत होती, माणूस नसला तरी थांबत होती. मी ड्रायव्हरच्या पाठीकडे बघून मनातल्या मनात त्याला ढकलत होते. कंडक्टर जवळ आला आणि नाक वर करून म्हणाला, "कसला वास येतोय? काय आहे पिशवीत?"

"औषध," वन्सं म्हणाल्या.

"कशावरचं?"

"माझ्या हातावरचं."

तो बघतच राहिला. मला एरवी हसू आलं असतं. वन्संचा अंगठा पिशवीच्या बंदावर सारखा फिरत होता, मागे पुढे, मागे पुढे. मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की शेजारी बसवत नव्हतं. आणि त्याच वेळी मला त्यांचा हात धरावासा वाटत होता. धरला नाही. माझ्या पोरीचा डावा हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. तिच्या त्या हाताला अंगठ्याच्या खाली तीळ आहे. लहानपणी ती तो तीळ धुवून काढायला बघायची.

मैदानाच्या फाटकावर आम्हाला कुणी अडवलं नाही. आत एका बाजूला पांढरी रेघ, रेघेवर दहाबारा जण ओळीने उभे, लांब पलीकडे गवताच्या जाड चकत्या आणि त्यावर रंगीत कागद. मागे दोरी बांधलेली, दोरीमागे लोक. बारकी डावीकडून तिसरी. उंच म्हणून लगेच दिसली. तिने बाण दोरीला लावला होता आणि ती ओढत होती.

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आता हाक मारली तर ती दचकेल. दचकून वेडावाकडा सोडला तर? तिचा उजवा हात गालापाशी आला. बाणाचं लाल, काळं, पिवळं मला इथून स्वच्छ दिसत होतं. वन्संनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर तिथं काळंनिळं झालं.

बाण सुटला. चकतीत जाऊन टप्प वाजला. बारकीचा डावा हात जिथल्या तिथे, पाचही बोटांसकट. तिने दुसऱ्या बाणासाठी कमरेच्या भात्याकडे हात नेला.

"बारके!" मी ओरडले. "थांब! हात लावू नकोस त्याला!"

अख्खं मैदान माझ्याकडे वळलं. शिट्टी वाजली, लांब. पांढऱ्या टोपीतल्या पंचबाई तरातरा आमच्याकडे आल्या. त्या भयंकर चिडल्या होत्या आणि बरोबरच होतं त्यांचं. रेघेवर माणसं असताना ओरडायचं नसतं, तुम्हाला कळत नाही का, कुणाला लागलं असतं तर? मी हात जोडले. म्हटलं, बाई, लागू नये म्हणूनच ओरडले. बाण मोडका आहे. कुठला ते माहीत नाही.

हे ऐकलं आणि त्यांचा सूर बदलला. "सकाळी मीच तपासलेत सगळ्यांचे बाण," त्या म्हणाल्या. "तिचे तर सगळ्यात सुबक होते."

"तेच तर," वन्सं म्हणाल्या.

पंचबाईंनी बारकीला रेघेवरून मागे बोलावलं आणि सांगितलं, आता दुसऱ्या तुकडीची फेरी होईल. ती संपेपर्यंत काय ते बघा. नंतर तुमच्या मुलीसाठी थांबणार नाही.

बारकी आली ती माझ्याकडे न बघता सरळ आत्याकडे. वन्संनी कांडी मुठीत धरूनच आणली होती, हे मला तेव्हा दिसलं. त्यांनी मूठ उघडून दाखवली.

बारकीने कांडीकडे बघितलं. मग म्हणाली, "आत्या, घाबरू नकोस. तो भात्यात नाहीये."

"काय?"

तिने झाडाखाली ठेवलेली आपली पिशवी ओढली, तळाशी हात घातला आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. बाण. लाल पट्ट्याच्या खालीच मोडलेला. मोडल्या जागी लाखेचा तपकिरी पापुद्रा चमकत होता.

"सकाळी निघताना वाकवला तर कट्कन मोडला," ती म्हणाली. "मी नेहमी वाकवते. तू दिलेले सगळे."

"नेहमी म्हणजे?" मी विचारलं.

ती टॉवेल पुन्हा पिशवीत कोंबायला लागली. टॉवेल मात्र अजून जाड दिसत होता. मी तो तिच्या हातातून हिसकावला. आत आणखी दोन मोडके बाण. एकाचे पट्टे हिरवे होते. हिरवे पट्टे वन्संनी मागच्या वर्षी केले होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "कार्टे! वर्षभर? वर्षभर तुला माहीत होतं आणि तू तोंडातून ब्र काढला नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? आत्याने रंगवायचं सोडलं असतं."

"सोडलंच असतं!" मी म्हटलं.

"म्हणून तर नाही सांगितलं. आई, तू बघतेस ना, बाण आल्यापासून ती कशी असते ते. आणि मी प्रत्येक वाकवते ना. कुरकुरला की बाजूला. मला काही होणार नव्हतं."

वन्संनी तो हिरवा बाण घेतला होता आणि मोडल्या जागेवरून अंगठा फिरवत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण अंगठा फिरतच होता. मला वाटलं, आता या बाई इथंच बसकण मारणार.

"बारके," त्या म्हणाल्या, "भरलेली भेग नेहमी कुरकुरत नाही."

"म्हणजे?"

"पातळ असली, आणि लाख आतपर्यंत नीट गेली असली, तर ती धरून ठेवते. वाकवलीस तरी गप्प राहते. हे तीन माझ्या हातून कच्चे राहिले म्हणून बोलले." त्यांनी नाक पुसलं. "जे मला चांगले जमले असतील, ते नाही बोलायचे. भाता दे इकडे."

बारकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने कमरेचा भाता सोडला. चकतीत अडकलेला बाणही पंचबाईंनी कुणाला तरी पाठवून आणवला. पलीकडे दुसऱ्या तुकडीचे बाण टप्प टप्प वाजायला लागले होते.

वन्संनी पहिला बाण उजेडाकडे धरला. डोळे मिटले, अंगठा फिरवला. टोकापासून पिसांपर्यंत, आणि परत. दुसरा घेतला. तिसरा. सगळे झाले. त्यांनी डोळे उघडले.

"सापडत नाही," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. असलं हसणं देव कुणाला न देवो. "शोधून दाखवा म्हणायची ना मी? घ्या. मलाच सापडत नाही."

मग त्या गवतावर मांडी घालून बसल्या, पिशवीतून बाटली काढली, फडक्यावर स्पिरिट ओतलं आणि पहिल्या बाणाच्या लाल पट्ट्यावर ठेवलं.

"आत्या, रंग जाईल!" बारकी ओरडली.

"पॉलिशमध्ये कालवलाय, जाणारच. लाखही स्पिरिटमध्येच विरघळते. रंग जाईल, पॉलिश जाईल, खाली लाकूड तेवढं उरेल. मग बघू कोण काय लपवतंय."

तेव्हा मला कळलं की बाटली का घेतली होती. घरातून निघतानाच या बाईला माहीत होतं की असं करावं लागणार आहे.

"पिसांना लागू देऊ नका, सरस सुटेल," एवढंच मी म्हणू शकले. मी दुसरं फडकं घेतलं आणि शेजारी बसले. लाल, काळं, पिवळं सगळं मिळून फडक्यावर चिखल झाला. तो रंग चार दिवस बसून चढवलेला, एकेका रेघेसाठी श्वास धरून. लोक दोरीपाशी येऊन बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, अरेरे, एवढे सुंदर बाण! वन्संनी मान वर केली नाही. बाण पुसायचा, कोरड्या कापडाने घासायचा, कानाशी धरून वाकवायचा, बारकीच्या हातात द्यायचा. पहिला ठीक. दुसरा ठीक. पंचबाईही येऊन उभ्या राहिल्या आणि घड्याळाकडे बघू लागल्या.

"सगळे पुसून झाले तर चालेल," त्या म्हणाल्या. "एकीचे बाण सगळे सारखे दिसले पाहिजेत. अर्धे रंगीत, अर्धे कोरे चालणार नाहीत."

"सगळे पुसतेय," वन्सं म्हणाल्या.

जो बाण बारकीने आम्ही आलो तेव्हा सोडला होता, तो शेवटून दुसरा आला. वन्संनी फडकं फिरवलं, आणि फडक्यावर लालाच्या मागोमाग तपकिरी रेघ उमटली. त्यांनी पुन्हा स्पिरिट लावलं, जरा थांबल्या, पुसलं. लाकडावर केसाएवढी तिरपी रेघ उघडी पडली. त्यांनी बाण कानाशी धरून नुसता जरासा वाकवला. मला हातभर अंतरावरून ऐकू आलं.

पलीकडे शिट्टी वाजली. दुसरी तुकडी आपले बाण आणायला निघाली होती.

वन्संनी तो बाण बारकीपुढे धरला. "हा वाकवला होतास सकाळी?"

"हो."

"बोलला?"

बारकीने मान हलवली. नाही. ती आपल्या डाव्या हाताकडे बघत होती.

"मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं गं?" वन्संचा आवाज चढला. "मी रडले असते. रुसले असते. चार दिवस जेवले नसते, तुझ्या आईला छळलं असतं. एवढंच! रुसू द्यायचं होतंस ना मला. माझं मन जपायला निघालीस आणि हात घालवून बसली असतीस. मग मी काय करायचं होतं? उरलेलं आयुष्य मी कशाला हात लावायचा होता?"

बारकी खाली बसली आणि आत्याच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागली. एवढी मोठी घोडी, मैदानभर लोकांदेखत. वन्सं तिच्या पाठीवर धपाटे घालत होत्या आणि रडत होत्या. मी ती भेगेची काडी उचलून गुडघ्यावर मोडली. माझा राग कुठंतरी काढायला हवा होता.

शेवटचा बाण नीट निघाला. बारकी कोऱ्या बाणांनी खेळली. पिसांपाशी फक्त पेनाने आपलं नाव घातलं. निम्मे बाण कडेला लागले. कितवी आली ते मी विचारलंही नाही. प्रत्येक बाणाला वन्सं लक्ष्याकडे न बघता तिच्या डाव्या हाताकडे बघत होत्या.

घरी आलो तेव्हा हे दारात उभे. कुलूप, एवढे फोन, झालं काय म्हणून घाबरले होते. मी सांगायला तोंड उघडलं, तर वन्सं म्हणाल्या, "मी सांगते. काम माझं आहे." आणि सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. मग लाखेची कांडी माझ्या हातात दिली. "तुझ्या कपाटात ठेव. किल्ली मला देऊ नकोस. मागितली तरी."

पंधरा दिवस त्या टेबलाजवळ फिरकल्या नाहीत. माझ्या भाजी चिरण्यात पुन्हा चुका काढायला लागल्या. मग एका सुट्टीच्या दिवशी नवा भारा टेबलावर मांडलेला दिसला. हाताशी पॉलिशची वाटी भरून ठेवलेली, पण ब्रश कोरडा. वन्सं खुर्चीत बसून हाक मारत होत्या, "बारके! अगं ए! मी दिवसभर बसू का इथं?"

बारकी आली. वन्संनी पहिली कोरी काडी तिच्याकडे सरकवली. बारकीने कानाशी धरली, वाकवली, परत दिली. मग वन्संनी ब्रश ओला केला. दुसरी तशीच. तिसऱ्या काडीला मात्र बारकी थांबली. तिने आत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आत्या, ही नको," ती म्हणाली.

"आण बघू." वन्संनी अंगठा फिरवला. "काही नाहीये गं. उगाच काहीतरी."

"नको म्हटलं ना."

वन्संचं तोंड एवढंसं झालं. मी चहा गाळता गाळता थांबले. त्यांनी काडी दोन्ही हातांत धरली, गुडघ्यावर ठेवली आणि मोडली. मग रुसलेल्या तोंडानेच पुढची काडी तिच्याकडे सरकवली.